बर्ड्सव्हिल ट्रॅक, मागे कॅम्पर: तिसरी स्टेपनी न्यायची का?

गारगोटीकर (ॲडलेड)

जुलैच्या सुट्टीत आम्ही चौघं ऑस्ट्रेलियातल्या बर्ड्सव्हिल ट्रॅकला निघालोय. मारी ते बर्ड्सव्हिल ५१७ किमी, खडी आणि माती. मध्ये डिझेल मिळणारं ठिकाण एकच, मुंगेरानी. गाडी टोयोटा प्राडो, मागे १४०० किलोचा कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची सोय असलेला, ओढून न्यायचा ट्रेलर. गाडीच्या मागच्या दाराला एक स्टेपनी, कॅम्परच्या ड्रॉबारवर (गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर) एक. चाकं सगळी एकाच मापाची, २६५/६५ आर १७, सहा बोल्टांची. कॅम्परचे हब (चाक ज्यावर बसतं ते) मुद्दाम बदलून घेतले होते, त्यामुळे कुठलीही स्टेपनी कुठेही बसते.

परवा एका मित्राकडे जेवायला गेलो होतो, तिथे हे सांगितलं आणि सगळे अंगावर आले. तिसरी पाहिजेच, लेकरं बरोबर आहेत, वेड लागलंय का वगैरे.

माझं म्हणणं, तिसरी फुकट येत नाही. रिमसकट चाक म्हणजे तीस-बत्तीस किलो. ते जाणार छतावर, म्हणजे नको तिथे उंचावर वजन. गाडीत आधीच चार माणसं, फ्रिज, दुसरी बॅटरी, ऐंशी लिटर पाणी. कॅम्परचा जो भार टो-बॉलवर (गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर) येतो, साधारण १४० किलो, तोही गाडीच्याच हिशेबात धरायचा असतो. हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. वजन वाढलं की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि लवकर जातो. पंक्चरच्या भीतीने वजन वाढवायचं आणि वाढलेल्या वजनाने पंक्चर ओढवून घ्यायचं, यात शहाणपण कुठलं?

त्यापेक्षा खडी लागली की हवा २८ पीएसआयला आणा, वेग ८० च्या वर नेऊ नका, प्लग-किट (पंक्चरच्या भोकात रबर ठासायचं सामान) आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर जवळ ठेवा. तीस किलो रबराऐवजी मी तीस लिटर पाणी नेईन. पटत नसेल तर बोला.

खडीफोड्या (पर्थ)

नाही पटत. दोन वर्षांपूर्वी आम्ही गिब रिव्हर रोडवर होतो (इकडे वायव्येला असाच खडीचा रस्ता), डर्बीकडून निघून. गाडीचं मागचं डावं आणि कॅम्परचं डावं, दोन्ही मिनिटाभराच्या आत गेलं. हा योगायोग नसतो. पुढच्या चाकाने दगड उभा केला की मागचं चाक त्यावर चढतं, आणि कॅम्पर त्याच चाकोरीतून मागे येतोच. दोन्ही स्टेपन्या तिथल्या तिथे संपल्या. पुढे साठेक किलोमीटरवर तिसरं गेलं. बाजू फाटलेली, तीन बोटं आत जातील एवढी. प्लग घालून दाखव त्यात.

मग एका भल्या जोडप्याने मला पुढच्या रोडहाउसपर्यंत सोडलं. तिथे आमच्या मापाचा टायर नव्हता. ट्रकने यायला दोन दिवस लागले आणि किंमत बायकोला अजून खरी सांगितलेली नाही. ती दोन दिवस पोरांना घेऊन कॅम्परपाशी बसून होती. तिथे बसून तीस किलोचा हिशेब कर म्हणावं.

गारगोटीकर

वाईट वाटलं वाचून. पण एक विचारतो, राग मानू नका. हवा किती होती?

खडीफोड्या

गाडीत ४०. कॅम्परमध्ये बहुतेक ४५.

गारगोटीकर

बस. अजून काय बोलू? एवढ्या हवेने टायर दगडासारखा होतो, अणकुचीदार खडा आला की लवत नाही, कापला जातो. तुम्हाला तिसरी स्टेपनी नको होती, हवा मोजायचं यंत्र हवं होतं.

खडीफोड्या

यंत्र होतं. अक्कल नव्हती, कबूल. पण स्टेपनी असते कशासाठी? अक्कल कमी पडेल त्या दिवसासाठीच ना! सगळं नियमाने करणाऱ्याला दुसरीही लागणार नाही. मग दोन तरी का नेतोस? एकच ने.

वाटसरू_सातारा

मी आजवर सातारा-पंढरपूर रस्त्यापलीकडे काही ओढत नेलेलं नाही, तेही ट्रॅक्टरमागे ट्रॉली. पण वाचताना मजा येतेय. आमच्याकडे पंक्चर झालं की पुढच्या फाट्यावर टायर टांगलेली टपरी असतेच. वडील ट्रकवर होते. ते म्हणायचे, स्टेपनीत हवा आहे का हे ज्याने निघताना बघितलं नाही, त्याच्याकडे स्टेपनी नाही.

एक शंका: तिकडे 'स्टेपनी' म्हटलेलं कळतं का?

गारगोटीकर

अजिबात नाही. सुरुवातीला दुकानात स्टेपनी मागितली तर पोरगा गोंधळून बघत राहिला. शब्द खरं तर वेल्समधला आहे. लानेल्ली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास गाडीबरोबर न्यायचं जादा चाक बनवलं, त्यावरून नाव पडलं. तिकडे ते विसरले, आपण अजून चालवतोय.

जास्वंद (डार्विन)

दोघेही एक गोष्ट सोडून बोलताय. छतावरचं चाक खाली कोण घेणार?

माझं वजन ५२ किलो. गेल्या वर्षी तनामी रस्त्यावर (ॲलिस स्प्रिंग्स ते हॉल्स क्रीक, हजारेक किलोमीटर) तिसरी स्टेपनी छतावर होती. चाक गेलं तेव्हा नवऱ्याची कंबर धरलेली. बत्तीस किलोचं चाक डोक्याच्या वरून, वाऱ्यात, शिडीवर उभं राहून उतरवणं हा काय प्रकार असतो ते करून बघा. शेवटी दोर लावून बॉनेटवरून घसरत आणलं. पोचा अजून आहे. तिसरी न्यायची तर कमरेच्या खाली बांधता आली पाहिजे, नाहीतर ती नसल्यातच जमा.

आणि दुसरं. कॅम्परचं पंक्चर कळतच नाही, यावर कुणीच बोललेलं नाही. गाडीचं चाक बसलं तर स्टिअरिंगला समजतं. मागच्याचं काही समजत नाही. पन्हळीच्या पत्र्यासारख्या त्या रस्त्यावर तसंही सगळं खडखडतच असतं. आमच्या पहिल्या खेपेला समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने यूएचएफ रेडिओच्या ४० नंबर चॅनलवर ओरडून सांगितलं, तोवर टायरच्या चिंध्या होऊन रिम दगडावर घासत होती. सुरुवातीला खिळ्याएवढं भोक असणार. वेळेत कळतं तर पाच मिनिटांत प्लग बसला असता. आता चारही चाकांना आणि कॅम्परच्या दोन्हींना हवेचा दाब दाखवणारे सेन्सर लावलेत. एकूण वजन एका भज्याएवढं.

खडीफोड्या

हे मान्य. सेन्सर हवेतच. ते लावून तिसरी न्या.

मुरमाड (ब्रिस्बेन)

एक मधला रस्ता सांगतो: रिम नको, नुसता टायर न्या. वजन अठरा-वीस किलोवर येतं. बरोबर टायर काढायच्या पट्ट्या, साबणाचं पाणी, कॉम्प्रेसर. बाजू फाटलेला टायर रिमवरून उतरवायचा, नवा चढवायचा. टॉम क्रूझ (नट नव्हे, त्या ट्रॅकवरचा टपालवाला) १९३६ पासून मारी-बर्ड्सव्हिल टपाल नेत होता, त्याच्या वाटेवर काय टायरची दुकानं होती?

जास्वंद

मुरमाड, आपण स्वतः कधी उतरवलाय? व्हिडिओत नव्हे, हाताने.

मुरमाड

एकदा. घरामागे, सावलीत. दीड तास लागला, मधे चहा. टायर रिमला चिकटलेला असतो तो सुटेपर्यंत जीव जातो. शेवटी त्यावरून गाडीचं दुसरं चाक चढवलं तेव्हा सुटला. पण जमलं! सराव न करता निघू नका एवढं खरं.

आणि सहा बोल्ट म्हणजे चाक कुठेही बसतं, यावर निर्धास्त राहू नका. आमच्यातल्या एकाची फोर्ड रेंजर, दुसऱ्याची प्राडो. बोल्टांचं अंतर दोन्हींचं सारखं, १३९.७ मिमी. त्या भरवशावर दोघांनी एकमेकांच्या स्टेपन्या आपल्याही धरल्या. रेंजरचं मधलं भोक ९३.१, प्राडोचं १०६.१. रेंजरचं चाक प्राडोच्या हबवर जाईचना. घरीच चढवून बघितलं म्हणून बरं.

गारगोटीकर

माझी चाकं घरी अदलाबदल करून बघितलेली आहेत, तिथे निश्चिंत.

जास्वंदताईंचं मात्र लागलं. मी दर तासाला थांबून टायरला हात लावून बघायचं ठरवलं होतं. पण तासाभरात ८० किमी होतात, आणि बसलेला टायर दहा किमीतही संपतो. सेन्सर मागवले. गार हवेपेक्षा ताप चढल्यावर साधारण चार पीएसआयच्या वर वाढ दिसली तर सुरुवातीलाच हवा कमी होती किंवा वेग-वजन जास्त आहे, असं इथले जुने लोक धरतात. ते आता गाडीत बसल्या बसल्या दिसेल.

तिसरीवर मी अजून ठाम आहे. तनामी आणि गिबची उदाहरणं भीतीदायक आहेत, पण एकात चाळीसची हवा आणि दुसऱ्यात न कळलेलं पंक्चर. तिसरी नसल्यामुळे अडलं असं निखळ उदाहरण अजून कुणी दिलेलं नाही.

खडीफोड्या

वकील आहेस का रे?

वाटसरू_सातारा

वडिलांचं वाक्य वर लिहिलंय. दोन्ही स्टेपन्या बघितल्या का?

गारगोटीकर

हे वाचून आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो.

गाडीची ठीक आहे, हवा होती. कॅम्परची कव्हरमध्ये होती, दोन वर्षांत काढलीच नव्हती. कॅम्पर सेकंडहँड घेतलाय. नक्षी नव्यासारखी, नव्या टायरवरचे रबरी काटेही शाबूत. बाजूला तारखेचे आकडे ३११४, म्हणजे २०१४ चा एकतिसावा आठवडा. बोट फिरवलं तर कडेला बारीक भेगा लागतात. वर्षानुवर्षं उन्हात टांगलेली.

म्हणजे मी इतका वेळ दोन स्टेपन्यांचा माणूस म्हणून भांडतोय आणि माझ्याकडे एकच आहे.

खडीफोड्या

आता शनिवारी दुकानात जाणारच आहेस, तर दोन घेऊन ये.

गारगोटीकर

एकच आणणार. फार तर वर एक नुसता टायर, रिमशिवाय. तोही कॅम्परमध्ये, जमिनीवर. छतावर नाही.

जास्वंद

आणि तो बदलायचा सराव रविवारी. चहा मधे चालेल.