बीकनच्या पंधरा रात्री, आणि तेरांना 'भरताड' म्हणणारे

खर्जातला
काल एडिसनकर यांनी लिहिलं की ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडच्या न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमधल्या मार्च 2009 च्या पंधरा रात्रींपैकी गिटारवादक एरिक क्लॅप्टन पाहुणा म्हणून आला त्या 19 आणि 20 तारखेच्या दोनच ऐकण्यासारख्या, बाकी तेरा 'भरताड, तीच गाणी उलटसुलट'. वाचून डोकं फिरलं.

तीच गाणी हे खरं, आणि ती तीच असायला हवीत. चाळीस वर्षं वाजवलेलं गाणं असतं, म्हणूनच मधल्या पंधरा मिनिटांत आज काय वेगळं झालं ते कानाला कळतं. पाहुणा आला की बँड पाहुणचारात अडकतो. त्याच्या सोयीची गाणी, त्याला मोकळी जागा, सोलो वाटून घ्यायचे, शेवट सगळ्यांच्या ओळखीचा. ऐकायला छानच लागतं. पण ड्रमवर बुच आणि जेमो, बासवर ओटील, गिटारवर वॉरन आणि डेरेक एकमेकांशी काय बोलतात ते त्या रात्री मागे पडतं.

त्याच मुक्कामात आठवड्याच्या मधल्या एका रात्री मी बाल्कनीत होतो. 'ड्रीम्स' चालू होतं. डेरेकने दोनच सूर धरून ठेवले होते. ओटीलने खाली बासचा सूर बदलला आणि वरचे तेच दोन सूर एकदम उदास वाटायला लागले. जेमोने हात आवरला, झांजेवर काठी नुसती टेकवत राहिला. बुच एकटा लय धरून होता. डेरेकने मान वळवून ओटीलकडे पाहिलं आणि मग तिसरा सूर लावला. कुणी ओरडलं नाही. शेजारच्या माणसाचा बिअरचा ग्लास तोंडाशी नेता नेता तसाच राहिला.

याला भरताड म्हणायचं? 1989 ते 2014 या काळात एकाच थिएटरात 238 कार्यक्रम, सगळे हाऊसफुल्ल. ती माणसं काय पाहुणे बघायला येत होती?

एडिसनकर
शब्द मागे घेत नाही. तुम्ही शहरात राहत असाल, आम्ही जर्सीहून यायचो. गाडीने पेन स्टेशन, तिथून सबवेने 72व्या स्ट्रीटला. मुलगी लहान, सांभाळायला कुणी नाही, म्हणून बायको घरी. परतीची गाडी चुकली की पेन स्टेशनवर ताटकळायचं आणि सकाळी पुन्हा ऑफिस. मोजून एक तिकीट परवडायचं. अशा माणसाने 'कुठली रात्र घेऊ' विचारलं तर त्याला 'सगळ्याच ऐका' हे उत्तर देता येत नाही.

आणि क्लॅप्टन हा मिरवायला आणलेला पाहुणा नव्हता. 1970 मध्ये 'लैला'च्या अल्बमवर या बँडचा मूळ गिटारवादक ड्वेन ऑलमनने त्याच्याबरोबर वाजवलं. पुढच्या ऑक्टोबरात ड्वेन मोटरसायकल अपघातात गेला, वय चोवीस. 2009 चा अख्खा मुक्काम त्याच्या नावाने होता. ड्वेनच्या जागी डेरेक उभा, शेजारी क्लॅप्टन, आणि दोघं 'लैला' वाजवतायत. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस ढसाढसा रडत होता. तुमचा तिसरा सूर तुमच्यापाशी ठेवा.

मेकनचा_रस्ता
दोघंही उष्ट्यावर भांडताय. 2000 साली डिकी बेट्सला, ड्वेनच्या जोडीच्या मूळ गिटारवादकाला, फॅक्स पाठवून बाजूला काढलं, तिथेच हा बँड संपला. 'एलिझाबेथ रीड' कुणाचं? 'जेसिका' कुणाचं? बांधणारा माणूस बाहेर आणि त्याच्या चिजांवर बीकनला टाळ्या. 2024 च्या एप्रिलमध्ये तो गेला तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम उमाळा आला.

खर्जातला
डिकीवर अन्याय झाला, शंभरदा मान्य. पण प्रत्येक चर्चा तिथेच नेऊन बुडवू नका.

रुद्र_अकरा
मुळातलं कुणी बोलतच नाही. डेरेक ट्रक्स अली अकबर खाँसाहेबांचं सरोद ऐकत घडला, कॅलिफोर्नियात सॅन रफाएलला त्यांच्या कॉलेजात शिकला. 'व्हिपिंग पोस्ट'ची सुरुवात अकरा मात्रांची, तीन-तीन-तीन-दोन. आपला रुद्र ताल अकराचाच. खर्जातला ज्या दोन सुरांचं कौतुक करतायत ती सरळसरळ आलापातली बढत आहे. हे सगळं आपलंच, फक्त परत विकत घ्यायला आपण ब्रॉडवेवर रांग लावतो.

तार_सुटली
'आपलंच' ऐकून कान किटले. 'व्हिपिंग पोस्ट' 1969 चं आहे, डेरेक जन्मला 1979 ला. गाणं ड्वेनचा भाऊ ग्रेगचं, आणि ते अकरात आहे हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं, ड्वेनने सांगितलं. मात्रा मोजून अकरा भरल्या म्हणून रुद्र होतो का? ठेका कुठाय? गाणं सुरू झालं की अकरा सुटतात आणि चाल बाराची होते. ड्वेनच्या कानावर होते जॅझमधले माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन, ते त्याला ऐकवले जेमोने. ज्याचं श्रेय त्याला द्या.

मी सरोद शिकतो. बिनपडद्याच्या पट्टीवर नखाने मींड घ्यायची म्हणजे नख झिजतं, कडेची कातडी सोलते. डेरेकच्या बोटातली काचेची नळी तारेवर तरंगते. आवाजात साम्य आहे, भरपूर आहे, म्हणून तर मी त्याला ऐकतो. पण तो कोमल गंधारावरून शुद्धाकडे सरकतो ना, तो ब्लूज आहे, आणि त्यातच त्याचा जीव आहे. माझ्या गुरूंना ऐकवलं होतं. म्हणाले, "सुरात आहे. राग नाही, आणि नसेना का."

रुद्र_अकरा
जोग रागात दोन्ही गंधार लागतात. हे गुरूंनी सांगितलं असेलच.

तार_सुटली
सांगितलं. जोगमध्ये चढताना शुद्ध, आणि कोमल येतो उतरताना, सा वर टेकण्याआधी. डेरेक कोमलवरून वर जातो, म्हणजे नेमकं उलट. दोन गंधार दिसले की जोग म्हणायचं असेल तर ब्लूजवाल्यांचं अर्धं मेम्फिस जोग गातंय.

रुद्र_अकरा
खाँसाहेबांच्या कॉलेजात तो काय नुसता चहा प्यायला जात होता? प्रभाव मान्य करायला तुम्हाला एवढा त्रास का होतो?

तार_सुटली
प्रभाव मी दोनदा मान्य केलाय, वर जाऊन वाचा. मालकी मान्य नाही.

पहाटेचा_पुणेकर
जोग जरा बाजूला ठेवा. 2009 मध्ये बुच ट्रक्सने मूगिस ही वेबसाइट काढून पंधराही रात्री इंटरनेटवर थेट दाखवल्या. न्यूयॉर्कचे रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेपाच. ब्रॉडबँड रडायचं, चित्र गोठायचं, आवाज चालू राहायचा. ओळीने ऐकल्यावर कळतं की पहिल्या आठवड्यात वॉरन आणि डेरेक एकमेकांना वाट करून देत होते आणि पुढे पुढे एकमेकांची वाक्यं पुरी करायला लागले. एका तिकिटात हे दिसायचं नाही. खर्जातला यांचं बरोबर आहे.

आपल्याकडे हे उरलंच नाही. सवाई गंधर्वला रात्रभर बसायचो, पहाटेचा राग पहाटे कानावर पडायचा. आता दहाला माइक बंद. बीकनची 2014 ची शेवटची मैफल 28 ऑक्टोबरला सुरू झाली आणि रात्री एक वाजून गेल्यावर संपली, म्हणजे 29 तारखेला, ड्वेनच्या स्मृतिदिनी. पुण्यात दुसऱ्या अंकातच पोलीस आले असते.

एडिसनकर
दहाचा नियम उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला आहे, बंद सभागृह त्यातून वगळलंय. बीकनला छप्पर आहे, सवाईला मांडव. तुलना करताना एवढं तरी बघा.

बाकी, तुमच्या भरवशावर मधल्या एका रात्रीची सीडी मित्राकडून आणून ऐकली. शो सुटला की त्याच रात्रीचं रेकॉर्डिंग लॉबीत विकायचे, त्यातली. ठीक. तेरातल्या चारपाच भरताड नव्हत्या, एवढं लिहून देतो, त्यापुढे एक नाही. पण मग 26 मार्चचं काय? बँडला चाळीस वर्षं झाली म्हणून त्या दिवशी पहिले दोन अल्बम ओळीने वाजवले. पुढचं गाणं कुठलं ते पोरासोरांनाही ठाऊक. खर्जातला, तुमचं ते एकमेकांशी बोलणं त्या रात्री कुठे होतं?

खर्जातला
क्रम ठरलेला होता, आतलं नव्हतं. अल्बमवर पाच मिनिटांचं 'व्हिपिंग पोस्ट' 1971 ला न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात जवळपास तेवीस मिनिटं चाललं. पुढे काय येणार ते माहीत असल्याने त्या तेवीस मिनिटांचं काय बिघडलं? तुमची चारपाचची कबुली घेतो. उरलेल्या आठनऊंसाठी भांडत राहीन.

मेकनचा_रस्ता
26 मार्चचं नाव काढलंच आहे तर त्या दोन अल्बमवर ड्वेनच्या जोडीला गिटार कुणाची आहे ते कव्हर उलटून वाचा. दुसऱ्या अल्बमवर 'एलिझाबेथ रीड'ही आहे. वाढदिवस चाळिसावा, आणि स्टेजवर डिकी नाही. त्या रात्रीला काय म्हणायचं ते तुम्ही दोघं ठरवा.