मदत हवी आहे: ३००० मिलिमीटर पाऊस पडूनही विहीर आटते, याला दुष्काळ म्हणायचं का?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची वाडी आहे, चाळीसेक घरांची. यंदा मला गावच्या पाणी समितीवर घेतलंय आणि पुढच्या ग्रामसभेत टंचाईवर बोलायचं आहे. इथे भूजल आणि शेती जाणणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

जुलैत आमची विहीर इतकी भरते की वाकून कळशी बुडवता येते. शिमग्यापर्यंत रहाटाचा दोर पुरतो. एप्रिलच्या मध्याला तळात एक झरा तेवढा जिवंत उरतो. मग पायऱ्या उतरायच्या, कळशीच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि कातळाच्या खोबणीत साचलेलं पाणी करवंटीने भरायचं. गेल्या मे महिन्यात एका पहाटे मी वेळ लावून पाहिली. एका कळशीला अकरा मिनिटं लागली आणि माझ्यामागे सातजणी बसून होत्या. त्यातच चाकरमानी आले की माणसं दुप्पट होतात.

एका कार्यालयात टँकरसाठी गेले तर ऐकायला मिळालं, ‘कोकणात कसला दुष्काळ?’ राग आला, पण नंतर वाटलं, आमच्या वाडीतही सगळे हेच म्हणतात. दुष्काळ म्हटलं की १९७२ची भेगाळलेली जमीन डोळ्यांपुढे येते. आमचं भात पिकतं, पैसेवारी ५०च्या वर असते, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण पूर एका रात्रीत येतो, तेव्हा सगळे धावतात. हे संकट रोज विहिरीची एकेक पायरी उघडी करत येतं आणि शेवटची पायरी दिसेपर्यंत कोणी जागचं हलत नाही. माझी शेजारीण आजी म्हणते, ‘पाऊस पडता गो, पण पाणी रवता खंय?’ मला याच ‘खंय’चं उत्तर हवंय. पाणी जातं कुठे? आणि विहिरीच्या वरच्या अंगाला, सड्यावर बोअर मारायचं काही जणांच्या मनात आहे. मारावी का?

---

भूजलात काम केलेला:

ताई, आजींनी नेमका प्रश्न विचारलाय. तुमचा सडा जांभ्याचा. जांभा सच्छिद्र, पाऊस भराभर आत घेतो. त्याच्याखाली चिकण मातीचा थर असतो आणि त्याखाली काळा कातळ. पाणी मातीच्या थरावर अडतं आणि आडवं सरकत उताराला झऱ्यांवाटे बाहेर पडतं. तिथून वहाळ, वहाळातून खाडी. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, पाण्याला थांबायला जागाच नाही. पडलेलं बरंचसं पाणी दिवाळीच्या आतच समुद्राला मिळालेलं असतं.

नावाचं म्हणाल तर हवामान खातं पाऊस सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त घटला की दुष्काळ मानतं आणि ५० टक्क्यांपुढे तीव्र दुष्काळ. पीक करपलं तर तो शेतीचा दुष्काळ. झरे, विहिरी, नद्या आटल्या तर जलस्रोतांचा. तुमच्याकडे हा तिसरा दरवर्षी डोकावतो आणि पैसेवारीत तो दिसत नाही, कारण ती पिकावर ठरते. एरवी याला टंचाई म्हणा. पण ज्या वर्षी हस्ताचा पाऊस हुलकावणी देतो, त्या वर्षी झरे लवकर हात टेकतात, ते खरं संकटाचं वर्ष. वर्षाच्या बेरजेवर जाऊ नका, मधला एखादा महिना कोरडा गेलेला तिच्यात दिसत नाही. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता.

बोअरची घाई नको. कातळात भेग लागली तर पाणी, नाही तर धूळ. वर जोरात उपसा झाला तर खालचा झरा दुबळा होऊ शकतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून आधी जागा तपासून घ्या.

---

वहाळाकाठचा:

आमच्या गावात वनराई बंधाऱ्याने फरक पडला. सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीने भरायच्या आणि वहाळाची धार बारीक होत आली की आडव्या रचायच्या. जागा मात्र विहिरीच्या खालच्या अंगाला धरा, म्हणजे अडलेलं पाणी विहिरीची पातळी धरून ठेवतं. आम्ही पहिल्या वर्षी उशीर केला, डिसेंबरात बांधला, तेव्हा अडवायला पाणीच नव्हतं. भातकापणी आटोपली की त्याच आठवड्यात माणसं गोळा करा.

---

मूळ प्रश्नकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. माती, कातळ आणि आडवं सरकणारं पाणी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांच्या काळी वहाळाला मातीचा बांध घालायचे, पुढे नळाची योजना आली आणि ते बंद पडलं. जागा त्यांना अजून आठवते, आमच्या विहिरीच्या खालीच, मोठ्या जांभळीजवळ.

काल विहिरीच्या पायऱ्यांवर रंगाने आकडे टाकले, वरून खाली, एक ते एकवीस. शाळेतली दोन मुलं दर सोमवारी पाणी कितव्या पायरीला आहे ते वहीत लिहिणार आहेत. ग्रामसभेत मी तीच वही पुढे ठेवणार आहे. आज पाणी चौथ्या पायरीवर आहे. गोणी किती लागतील, कोणी सांगेल का? वहाळ तिथे साधारण बारा फूट रुंद आहे.