मदत हवी आहे: नांदूरमध्यमेश्वरसाठी पाणी तपासणीचं किट आणि मराठी साहित्य

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातल्या सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन नांदूरमध्यमेश्वरला पाण्याचा अभ्यास सुरू करतोय. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आपल्या उशाशी आहे, आणि मुलांना त्याची ओळख फक्त 'पक्षी बघायची जागा' एवढीच! चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी त्यांना ओळखता येतात. पण सांडपाणी आणि खतांमधलं नत्र-स्फुरद पाण्यात उतरतं, त्यावर पाणवेली माजतात, खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, हे त्यांनी स्वतः मोजून बघावं असं मनापासून वाटतं.

विरघळलेला प्राणवायू मोजायचं, मुलांना सुरक्षितपणे हाताळता येईल असं किट नाशिकमध्ये कुठे मिळेल? प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, पण मुलांना तेव्हा नेणं अवघड. रोज सकाळी नऊची नोंद तुलनेला चालेल का? पाणवनस्पतींची सचित्र मराठी माहिती असेल तर तीही कृपया पाठवा.