जड काम कुणाचं?

'पुरुष जड काम करतात म्हणून त्यांना मजुरी जास्त' असं म्हणतात, ते मला पटत नाही. आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे भातशेतीची चिखलणी आता पॉवर टिलरने होते. लावणी मात्र बायकाच करतात, दिवसभर पाण्यात वाकून. संध्याकाळी पाठ सरळ होत नाही. तरी मजुरी देताना त्यांचंच काम 'हलकं' ठरतं!

माझी आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. टरफलातल्या तेलाने कातडी सोलवटायची, म्हणून हाताला राख चोळून बसायची. तिला किलोमागे पैसे, आणि भट्टीवरच्या पुरुषांना रोजचा पगार. तिची बोटं मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहितोय.

कायद्याने हा प्रश्न कधीच सोडवलाय. 1976 च्या समान वेतन कायद्यात 'समान किंवा समान स्वरूपाचं काम' असे शब्द होते. पुरुषांचा पगार कापून बरोबरी साधायलाही त्यात मनाई होती. ऑड्रे डिकॉस्टा या लघुलेखिकेच्या समान पगाराच्या खटल्यात 1987 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीला परवडत नाही ही सबब चालणार नाही. तेव्हाही कंपनीने स्त्रियांचा वेगळा वर्ग दाखवून कमी पगाराचं समर्थन केलं होतं. तीच युक्ती शेतात 'बायकांचं काम' म्हणून चालते. आता वेतन संहिता, 2019 या नव्या कायद्यातही भेदभावाला बंदी आहे, पण लावणीला गेलेल्या बाईच्या हातात हजेरीचा कागदच नसतो. तक्रार ती कशाच्या आधारावर करणार?