कॉलेजमधला दगडी सिंह चिनी आहे का? आणि साफ कसा करायचा?

पार्लेकर:
आमच्या कॉलेजात लायब्ररीबाहेर कंबरेएवढं एक दगडी जनावर बसवलंय. सिंह म्हणावं तर तोंड थेट बुलडॉगचं आणि आयाळीच्या जागी नुसते कुरळे गोळे. डाव्या पंजाखाली पिल्लू उताणं पडलंय, तोंडात दगडाचा गोळा, बोट घातलं की गरगर फिरतो पण बाहेर येत नाही, आत घातला कसा देव जाणे. ऑफिसात विचारलं तर 'चायनाचं आहे, कोणीतरी दिलंय' एवढंच. पावसात शेवाळ चढून काळं पडलंय, आता फेस्टच्या आधी ॲसिडने घासून घ्यायचं चाललंय. चालेल ना?

माझगाववाली:
ॲसिड अजिबात नको!! संगमरवर असेल तर पिल्लाचं नाकडोळे सगळं झिजून जाईल, ग्रॅनाइट असला तरी आतल्या लोखंडामुळे पिवळे डाग पडतात. साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, बास. तारेचा ब्रशही नको. आणि ही मादी आहे बरं का, नराच्या पंजाखाली चेंडू असतो. दारातून बाहेर बघताना नर डाव्या हाताला, मादी उजव्या. जोडीनेच बसवतात, म्हणजे दुसरा कुठेतरी असणार, शोधा. गोळा आत घालत नाहीत हो, त्याच दगडातून आतल्या आत कोरून सुटा करतात.

खडकफोड्या:
तोंडाचं म्हणाल तर चीनमध्ये सिंह नव्हतेच, हान घराण्याच्या काळात, म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वी, पश्चिमेकडच्या राजांनी भेट म्हणून पाठवले ते तेवढे. बहुतेक कारागिरांनी जिवंत सिंह बघितलेलाच नसणार, मग होणार काय! पण अँटिक समजून उड्या मारू नका, फूजियान प्रांतातल्या हुइआनमधून असे सिंह आजही कंटेनर भरून बाहेर जातात.

भायखळा_लोकल:
नवा असो नाहीतर जुना, ॲसिड कशाला? राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती बघा, १८१४ ला कोसळला, १८६४ ला तुकडे इकडे आणले, १९१४ ला जोडले, आणि अजून उघड्यावर पाऊस खातोय. शेवाळाने दगड मरत नाही राव, घासणारे मारतात.

पार्लेकर:
ॲसिड कॅन्सल केलं, थँक्यू ताई. शिपाईमामा म्हणतात दुसरा जिमखान्यामागे फुटक्या कुंड्यांत पडलाय, चेंडूवाला! आता प्रिन्सिपल मॅडमना पटवायचं, पण उचलायचा कसा? क्रेनवाला कोणी ओळखीचा आहे का?