इंजिन गरमच होऊन नाही राहिलं, निळा दिवा विझत नाही

आर्णीचा_कास्तकार:
भाऊ लोक, मदत करा. २०१४ ची छोटी पेट्रोल गाडी हाये, टेम्परेचरचा काटा नाही, फक्त थंडीचा निळा दिवा अन् गरमीचा लाल. आधी सकाळी चालू केली की गाव सुटता सुटता निळा दिवा विझे. आता आर्णीवरून यवतमाळले निघालो की दहा-बारा किलोमीटर तसाच, मंग विझते अन् मोकळ्या रोडवर सत्तर-ऐंशीनं चालवली की पुन्हा लागते. हीटरची हवा कोमट. अ‍ॅव्हरेज १७ वरून १३ वर आलं. मेकॅनिक म्हणते टेम्परेचरचा सेन्सर बदला. बदलू का?

गॅरेजवाला_हिंगणघाट:
सेन्सरवर पैसे घालू नका अजून. सेन्सर चुकीचं दाखवू शकते, पण तुमचा हीटरही कोमट हाये ना, त्यात इंजिनचंच पाणी फिरते, म्हंजे पाणीच तापून नाही राहिलं. रातभर गाडी उभी ठेवा, सकाळी एसी बंद ठेवून चालू करा अन् रेडिएटरचा वरचा जाड पाईप हातात धरा, बाही पंख्यापासून दूर. थर्मोस्टॅट (म्हंजे पाणी तापेस्तोवर त्याले रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) चांगला असला तर पाईप बराच वेळ थंडगार राहते अन् ८२ ते ८८ डिग्रीच्या आसपास वॉल्व्ह उघडला की एकदम चटका बसते. पहिल्या दोन मिनिटातच हळूहळू कोमट व्हायले लागला तर वॉल्व्ह उघडा अडकला नाहीतर कोणी काढून टाकला. (काही गाड्यात वॉल्व्ह खालच्या पाईपकडे असते, मंग तो धरा.) चाबी ऑन करताच पंखा फिरते का तेही पाहा, कोणी त्याची वायर डायरेक्ट जोडून ठेवते, मंग तो सारखाच फिरते. उन्हाळ्यात काही काम केलं होतं का?

वणीवाला:
आमच्याकडे ४५-४६ डिग्री ऊन, मी तर वॉल्व्ह काढूनच टाकला, चार वर्ष झाले काही झालं नाही. इंजिन थंड असलेलं केव्हाही बरं.

गॅरेजवाला_हिंगणघाट:
नाही दादा. बाहेर ऊन असो का थंडी, आतलं पाणी ९० च्या आसपासच पाहिजे. पाणी थंड असलं की गाडीच्या कॉम्प्युटरले वाटते गाडी आताच चालू झाली, तो पेट्रोल जास्त सोडते, अन् ते सिलिंडरची भिंत धुवत खाली ऑईलमध्ये उतरते. तुमचीही डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) काढून वास घेऊन पाहा. अन् उन्हाळ्याचं म्हणाल तर काही इंजिनात वॉल्व्ह उघडला की तोच बायपासचं (रेडिएटर टाळून पाणी फिरवणाऱ्या वाटेचं) तोंड बंद करते, वॉल्व्हच नसला तर बरंच पाणी रेडिएटरमध्ये न जाता तसंच फिरते, मे महिन्यात उलट जास्त तापते.

आर्णीचा_कास्तकार:
दीड मिनिटात पाईप कोमट! मंग आठवलं, मे महिन्यात दिग्रसकडून येताना गाडी तापली होती, तवा एका गॅरेजात रेडिएटर साफ करून घेतलं. काल थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगचे (तो बसते त्या डब्याचे) दोन बोल्ट खोलले तर आत रिकामं, नुसती रबराची रिंग. काढला तर काढला, निदान सांगाले पाहिजे होतं ना, लय राग आला. नवा आणला, त्यावर ८२ कोरलेलं हाये. बसवायच्या आधी गंजात पाणी ठेवून दोरीनं लटकवला, उकळी यायच्या आधीच हळूहळू तोंड उघडलं, थंड पाण्यात टाकला तर बंद. आज निळा दिवा गावच्या नाल्याच्या पुलापाशीच विझला अन् यवतमाळपर्यंत लागला नाही. पण डिपस्टिकले पेट्रोलचा वास येते, ऑईल बदलू का?

गॅरेजवाला_हिंगणघाट:
आजच बदला, फिल्टरसकट. अन् कूलंटच भरा, बोअरचं पाणी नको, आपल्याकडच्या पाण्यात क्षार लय, आतून पापडी धरते. इंजिन थंड असताना भरा, हीटर फुल गरमवर ठेवून पंखा दोनदा लागून बंद होईस्तोवर चालू ठेवा म्हंजे हवा निघते, पण लाल दिवा लागला तर लगेच बंद करा. अन् तो पंखा लागते का याच्यावर नीट लक्ष ठेवा, तो लागलाच नाही तर मे महिन्यात गाडी काऊन तापली होती ते तिथंच सापडते.