तिकीट नसलेल्या मैफली: पुण्यातल्या उन्हाळी बँडचे तुमचे अनुभव सांगा

मे महिन्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एक बँड वाजवतो. त्यातली मुलं एरवी बंगळुरू, मुंबई आणि जर्मनीत असतात. सुट्टीला घरी आली की आठवडाभर कुणाच्या तरी हॉलमध्ये तालीम करतात आणि एका संध्याकाळी पार्किंगमध्ये वाजवायला उभी राहतात. तिकीट नसतं, पोस्टर नसतं. ग्रुपवर मेसेज येतो, "साडेसातला खाली या, खुर्ची घेऊन या." लहान मुलं पुढे सतरंजीवर, काका-काकू मागे, आणि ज्यांना जिना उतरणं जमत नाही ते बाल्कनीत.

सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, त्याच्या आठवणी भरपूर लिहिल्या गेल्या आहेत. एनएच७ वीकेंडर हा नव्या बँडचा संगीत महोत्सव २०१० साली पुण्यातच सुरू झाला, त्याचेही फोटो ढिगाने मिळतील. या पार्किंगमधल्या आणि गच्चीवरच्या कार्यक्रमांबद्दल मात्र कुणीच काही लिहून ठेवत नाही. आपल्या शहरातली वाजवणारी मुलं खरी तयार होतात ती इथे, ओळखीच्या माणसांसमोर, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. वाजवणाऱ्यांनी लिहा, ऐकणाऱ्यांनी लिहा, वायरी ओढणाऱ्यांनी आणि परवानगी देणाऱ्यांनीही लिहा.

कर्वेनगर, ड्रम वाजवणारा

आमचा बँड फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या टीममधून निघाला. तिथे एकाच प्रयोगात नाटक, नाच, चित्र, गाणं सगळं असतं, त्यामुळे समोर काय चाललंय ते बघत वाजवायची सवय लागते. कॉलेज संपल्यावर टीम पांगली, आम्ही चार-पाच जण उरलो. आता वर्षातून एकदा, मेमध्ये, एकाच्या घराखाली वाजवतो.

पार्किंगचा वरचा स्लॅब फार उंच नसतो. तिथे पूर्ण ड्रम किट लावलं तर स्नेअर ड्रमचा आवाज छताला आपटून परत येतो आणि गाणाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही. म्हणून मी कॅहोन वाजवतो. लाकडी खोकं, त्यावरच बसायचं आणि हाताने वाजवायचं. मला त्याने खूप शिकवलं. काठी हातात असली की जोर आपोआप येतो, हाताने वाजवताना प्रत्येक ठोका किती हवा ते ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट उन्हाची. तापलं की गिटारच्या तारा सैल पडतात, सूर उतरतो. बासरीचं उलटं, आतली हवा गरम झाली की सूर चढतो. कीबोर्ड आपल्या जागी ठाम. एक उतरलेला, एक चढलेला, आणि दोघांना कीबोर्डशी जुळवायचं! आम्ही वाद्यं तासभर आधी खाली आणून ठेवतो, त्या हवेला सरावू देतो आणि मगच सूर लावतो. घाईत एसीतून थेट खाली आणलेली गिटार दुसऱ्या गाण्यापर्यंत हमखास हलते.

एरंडवणे, सोसायटीची सेक्रेटरी

परवानगीबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. लाऊडस्पीकर लावायचा तर लेखी परवानगी काढावी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच ठेवावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे. चार माणसं मोकळेपणी बोलायला लागली तरी ५५ च्या आसपास जातं. तेव्हा मी मुलांना सांगितलं, स्पीकर न लावता वाजवून दाखवा, मग बघू.

त्यांनी तसं वाजवलं आणि लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या. गाणाऱ्या मुलीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. त्यानंतर आमच्याकडे बिनस्पीकरचाच कार्यक्रम होतो.

तारीख ठरवताना मी दोन गोष्टी बघते. मेच्या सुरुवातीला नीटची परीक्षा असते, ती होईपर्यंत नाही म्हणजे नाही. आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा. त्यांना आवाज सोसत नाही. पहिल्या वर्षी मुलं आपणहून वर गेली आणि विचारून आली, "आजोबा, तुम्ही किती वाजता झोपता?" त्यांनी साडेआठ सांगितलं. कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला, आठला संपला. ज्यांना असं विचारायला सुचतं, त्यांना मी कधीही नाही म्हणणार नाही.

सध्या बंगळुरू, मूळचा सहकारनगरचा, बेस गिटार

थोडक्यात लिहितो. वर्षभर आम्ही एकमेकांना फोनवर रेकॉर्ड करून तुकडे पाठवतो. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवता येत नाही, आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि तेवढ्यात ताल तुटतो. एका खोलीत बसल्याशिवाय बँड होत नाही. म्हणून ऑफिसात मेची सुट्टी मी जानेवारीतच मागून ठेवतो. घरी आईला वाटतं आंब्यासाठी येतो. तेही खरंच आहे.

कसबा पेठ, ब्रास बँडमधला क्लॅरिनेट

वरचं सगळं वाचून आनंद झाला. आमचा बँड वेगळा, म्हणून लिहू की नको असं वाटत होतं. तुमचा उन्हाळा संध्याकाळच्या गच्चीवर जातो, आमचा वरातीत जातो. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. भर दुपारचा मुहूर्त, अंगात जाड कोट, डोक्यावर टोपी, आणि डांबरी रस्त्यावर चालत वाजवायचं. क्लॅरिनेटची पत्ती उन्हात सुकते, ती सारखी ओठांनी ओली ठेवावी लागते. ट्रम्पेटवाल्याचे ओठ संध्याकाळपर्यंत सुजतात. काय वाजवायचं ते नाचणारे ठरवतात, आणि तेच ते गाणं मांडवाच्या दारापर्यंत चालतं. या कामाची मला लाज नाही, घर त्यावर चालतं आणि माझे वडीलही हेच करायचे.

पण आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त थांबतात. त्याच्या जरा आधी, सराई उतरणीला लागली की आम्ही आमच्या वाड्याच्या चौकात बसून वाजवतो. सुपारी नाही, गणवेश नाही, बनियनवर. समोर आमचीच बायका-मुलं. वर्षभर जी माणसं आम्हाला फक्त निघताना आणि दमून परत येताना बघतात, ती त्या दिवशी ऐकायला बसतात. युफोनियम या जाड आवाजाच्या पितळी वाद्याचे काका, ज्यांना वरातीत कुणी वेगळं ऐकत नाही, ते त्या दिवशी एकटे वाजवतात. त्यांची 'भैरवी' मी ऐकली आहे. रस्त्यावर त्या वाद्यातून फक्त आधाराचा सूर निघतो, पण त्यात एवढी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आहे हे चौकात बसल्यावर कळतं. माझ्या मुलीने मला पहिल्यांदा नीट ऐकलं ते तिथेच. म्हणाली, "बाबा, तुम्ही गाणं म्हणताय असं वाटतं."

वाड्याच्या जागी आता इमारत होणार आहे. यंदाचं आम्ही फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं.

धागा सुरू करणारी

कसब्याच्या दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. चौकातल्यासारखं बसून वाजवायला जागा हवी असेल तर आमचं पार्किंग मी सोसायटीत विचारून देते, अगदी मनापासून.

आणि एक प्रश्न. आमच्या मुलांच्या अ‍ॅम्पमधून सारखा घुंईं असा आवाज येतो. कुणाला कारण माहीत आहे का?

शनिवार पेठ, साउंडचं काम करणारा

आवाजाचा मिक्सर एका भिंतीवरच्या सॉकेटला आणि गिटारचा अ‍ॅम्प लांबच्या दुसऱ्या सॉकेटला लावला असेल. दोन्हीकडचं अर्थिंग सारखं नसलं की असं हमिंग येतं. सगळं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतं. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी देईल, तो अजिबात ऐकू नका, शॉक बसेल. केबल जुनी असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत चांगली मिळते. स्पीकरची तोंडं मोकळ्या बाजूला करा आणि गाणारे स्पीकरच्या मागे उभे राहू द्या, म्हणजे शिट्टी येणार नाही.

सदाशिव पेठ, श्रोता, वय ७४

न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून ऐकायचं, हे या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे. नातवाचा बँड ऐकायला मी त्याच भावनेने जातो. माझं मागणं एकच असतं, शब्द कळले पाहिजेत. गिटार जरा कमी करा आणि 'ळ' चा उच्चार नीट करा. मुलं ऐकतात. मागच्या वेळी त्यांनी गाण्यांचे शब्द कागदावर छापून आम्हा म्हाताऱ्यांच्या हातात दिले, मोठ्या अक्षरांत.

पाषाण

आमच्याकडे वळीव आला. टपोरे थेंब पडताच मुलांनी आधी अ‍ॅम्पवर ताडपत्री टाकली, मग स्वतःकडे बघितलं. वीज गेली. सगळे जिन्यात शिरलो, पायऱ्यापायऱ्यांवर बसलो, आणि गिटार आणि डफावर पुढची गाणी झाली. जिन्यात आवाज इतका सुंदर घुमतो हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. काकूंनी केलेलं पन्हं हातोहात वरच्या मजल्यापर्यंत गेलं.

धायरी, वय १७

मी गाते. आमच्या बँडला अजून नाव नाही. मागच्या वर्षी मैत्रिणीच्या गच्चीवर आम्ही इंग्रजी आणि हिंदी गाणी गायलो, सगळ्यांनी छान म्हटलं. यंदा आमची स्वतःची मराठी गाणी आहेत, एक सिंहगड रोडच्या ट्रॅफिकवर, एक माझ्या आजीवर. आजी समोर बसणार आहे, त्यामुळे त्याची तालीम सगळ्यात जास्त चालली आहे. एरंडवण्याच्या काकूंचं वाचून आम्ही शेजारच्या घरांत आधीच विचारून आलो.

एक मदत हवी होती. आमच्याकडे माइक आहे पण स्टँड नाही. कुणाकडे जास्तीचा असला तर एका संध्याकाळपुरता मिळेल का?

कर्वेनगर, ड्रम वाजवणारा

माझ्याकडे दोन आहेत. संध्याकाळी सातनंतर कधीही येऊन ने. एकाचा स्क्रू ढिला आहे, दुसरा घे. आणि तारीख इथे टाक, आम्ही ऐकायला येतो.